बाबांचे कागदी शेअर अन् धरमपेठेतलं ते छोटं ऑफिस

सहा महिन्यांत निदान पंधरा चकरा झाल्या असतील माझ्या या ऑफिसच्या, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. नाव टाकत नाही कारण ऑफिसवाल्या काकांना जाहिरात नको आहे, पण नागपूरच्या धरमपेठेत राहणाऱ्यांना कळेल, लक्ष्मीभुवन चौकाच्या आतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान आहे. काका स्वतः, एक ताई, एक पोरगा अन् तीन कॉम्प्युटर, एवढंच ऑफिस. एका मोठ्या ब्रोकरचे ते ऑथोराइज्ड पर्सन आहेत, म्हणजे ज्याला आधी सब-ब्रोकर म्हणायचे ते, 2019 पासून सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ती सब-ब्रोकरची कॅटेगरीच बंद केली.

तर झालं असं की बाबा गेल्यावर गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या मागे एक प्लास्टिकची पिशवी भेटली, त्यात टिस्कोची दोन सर्टिफिकेटं, एक 40 शेअरचं अन् एक 20 चं. टिस्को म्हणजे आताची टाटा स्टील. आईला माहीतच नव्हतं. डिव्हिडंड बाबांच्या खात्यात येत होता पण पासबुकात कोण बघते एवढं. आधी दोन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी म्हणाले हे आता रद्दी झालं मॅडम, दुसऱ्या ठिकाणी तं सरळ वीस टक्के द्या आम्ही करून देतो म्हणाले. आई तयार पण झाली होती, म्हणे जे येईल ते येईल. मग माझ्या शाळेतल्या एका मॅडमने या काकांचा पत्ता दिला.

काकांनी पहिल्यांदा काय केलं तर सर्टिफिकेट हातात घेऊन मागची बाजू वाचली. फोलिओ नंबर, नाव, सही. मग म्हणाले, ताई रद्दी बिद्दी काही नाही, 2019 च्या 1 एप्रिलपासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावाने विकून ट्रान्सफर करता येत नाही एवढंच, वारसाच्या नावाने नक्की होतात, फक्त नंतर डीमॅटच, म्हणजे कागदाऐवजी कॉम्प्युटरच्या खात्यात जमा, करावे लागतात. अन् कंपनीने 2022 मध्ये एका शेअरचे दहा केले आहेत तेव्हा तुमचे 60 नाहीत, 600 आहेत. आई खुर्चीत बसली होती ती सरळ होऊन बसली.

कागदपत्रांचं सविस्तर लिहीत आहे कारण बऱ्याच घरांत अशा पिशव्या पडल्या असतील. बाबांचा मृत्यूचा दाखला, आईचं पॅन आधार, केवायसीचा आयएसआर-1 फॉर्म, बँकेकडून सही प्रमाणित करून आणायचा आयएसआर-2, वारसासाठी आयएसआर-5, स्टॅम्प पेपरवर इंडेम्निटी बाँड म्हणजे पुढे दुसरा कुणी हक्क सांगितला तर भरपाईची हमी, अन् आम्हा दोघा भावंडांची ना हरकत. एका कंपनीतले कागदी शेअर 5 लाखांच्या आत असले तर कोर्टाच्या सक्सेशन सर्टिफिकेटच्या म्हणजे वारस दाखल्याच्या भानगडीत न पडता सोप्या कागदांवर काम होते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. हे सगळं कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे शेअर कुणाच्या नावावर याची नोंद ठेवणाऱ्याकडे, पाठवलं की तेव्हा ते शेअर नाही पाठवायचे, लेटर ऑफ कन्फर्मेशन पाठवायचे, ते आलं की 120 दिवसांच्या आत डीमॅटला लावावं लागायचं. आमचं एकदा परत आलं, बँकेने आयएसआर-2 वर शिक्का मारला पण मॅनेजरचा एम्प्लॉयी कोड लिहिला नाही म्हणून. एकूण साडेचार महिने लागले. काकांनी या सगळ्याचे कुरिअर अन् स्टॅम्प पेपर सोडून एक रुपया घेतला नाही, म्हणे डीमॅट खातं माझ्याकडे उघडलं ना, माझी ब्रोकरेज त्यातून निघते.

या साडेचार महिन्यांच्या चकरांमध्ये बसल्या बसल्या जे शिकायला भेटलं त्याच्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू आहे.

काका 80 च्या दशकापासून याच लाइनमध्ये. ते सांगायचे की तेव्हा बाबांसारखा माणूस शेअर घ्यायचा म्हणजे काय, तर इथल्या माणसाला सांगायचं, तो ट्रंक कॉल लावून मुंबईच्या ब्रोकरला सांगायचा, तिकडे दलाल स्ट्रीटवर रिंगमध्ये माणसं उभी राहून ओरडून, हाताने खुणा करून सौदे करायची, अन् भाव कितीला भेटला हे तुम्हाला जे सांगतील तेच खरं मानायचं. दिवसभरात 80 ते 86 फिरला असेल तर तुम्हाला 86 चाच भाव लागायचा, काकांच्या भाषेत. मग कागद पोस्टाने यायचे, सही जुळली नाही की बॅड डिलिव्हरी म्हणून परत. मी म्हटलं म्हणजे कळमन्याच्या बाजारातला हर्रास, लिलाव. तर काका म्हणाले, हर्रास तरी बरा, तिथे संत्र्याचा ढीग समोर असते अन् बोली लागते ती शेतकरी आपल्या कानाने ऐकते. इथे तं ढीग पण मुंबईत अन् बोली पण मुंबईत.

1992 चा हर्षद मेहताचा घोटाळा झाला, सेबीला त्याच वर्षी कायद्याने अधिकार भेटले, अन् मग 1994 च्या नोव्हेंबरमध्ये एनएसईने, म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने, शेअरचे सौदे स्क्रीनवर सुरू केले. रिंग नाही, ओरडणं नाही, ब्रोकरच्या गच्चीवर व्हीसॅटची पांढरी छत्री, ती सॅटेलाइटवरून थेट एक्स्चेंजच्या कॉम्प्युटरला जोडलेली. पुढच्या वर्षी दलाल स्ट्रीटच्या बीएसईने पण बोल्ट नावाची आपली स्क्रीन आणली, 1875 चं एक्स्चेंज ते, पण बदलावं लागलं. मग 1996 ला एनएसडीएल अन् 1999 ला सीडीएसएल या डिपॉझिटरी, म्हणजे डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्था, आल्या अन् कागद गेला. काका म्हणतात पहिल्यांदा जेव्हा नागपुरात बसून मुंबईवाल्याला दिसते तोच भाव त्याच सेकंदाला दिसला तेव्हा त्यांचे वडील बराच वेळ नुसते स्क्रीनसमोर बसून होते. हे सांगताना काकांचा आवाज बदलला होता, मला आठवते.

आता विक्रीचा दिवस. आईला बाथरूमची दुरुस्ती करायची होती म्हणून 100 शेअर विकायचं ठरलं, बाकीचे राहू द्यायचे. मला वाटलं होतं फोनवर सांगू अन् होऊन जाईल, पण काका म्हणाले नाही, आईंना घेऊन या, त्यांचे शेअर आहेत त्यांनी बघितलं पाहिजे. अन् त्यांनी मॉनिटर चक्क आमच्याकडे फिरवला.

स्क्रीनवर दोन बाजू. डावीकडे निळ्या आकड्यांत घेणारे, पाच ओळी, उजवीकडे लाल आकड्यांत विकणारे, पाच ओळी. प्रत्येक ओळीत किती ऑर्डरी, किती शेअर, कोणत्या भावाला. सर्वात वर डावीकडे जो जास्तीत जास्त द्यायला तयार आहे तो, उजवीकडे जो कमीत कमी घ्यायला तयार आहे तो, अन् या दोघांमध्ये जो फरक तो स्प्रेड. टाटा स्टीलमध्ये तो एक दोन पैशांचा होता. काकांनी आईला समजावलं की दोन रस्ते आहेत, मार्केट ऑर्डर टाकली तर समोर घेणारा जो भाव देऊन राहिला त्याला लगेच जाईल, लिमिट टाकली तर तुम्ही सांगाल त्याच्या खाली विकणार नाही पण वाट बघावी लागेल, कदाचित होणारच नाही. आई म्हणाली 147 रुपये 30 पैसे. का तर तिला 30 आवडलं, बाबांचा वाढदिवस 30 तारखेचा.

ऑर्डर टाकली. उजवीकडे पाचव्या ओळीत 147.30 ला आधीच 41 हजार अन् काहीतरी शेअर लागले होते, आमचे 100 त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. नियम एवढाच आहे, ज्याचा भाव चांगला तो आधी, अन् भाव सारखा असेल तर जो आधी आला तो आधी. सेतू केंद्रातल्या टोकनसारखं, फक्त इथे मधे कुणाची ओळख चालत नाही, साहेबाचा माणूस म्हणून कुणी पुढे जात नाही. एक मात्र, दिसते तेवढाच माल असते असं नाही, मोठी ऑर्डर टाकणारा थोडा भाग दाखवून बाकी झाकून ठेवू शकतो, त्याची परवानगी आहे. तर आम्ही बघून राहिलो, 41 हजार, 38 हजार, मधेच 44 हजार, मग ती ओळ पाचव्यावरून चौथी, तिसरी, अन् एकदम 9 हजार, अन् आवाज झाला टिंग. 37 गेले. मग दोनेक सेकंदांनी उरलेले 63. आईने विचारलं, दोनदा काऊन? काका म्हणाले कारण एकाला 37 च पाहिजे होते, उरलेले दुसऱ्याने घेतले.

"कोण आहे हो तो?" आईचा प्रश्न. अन् मला पण तोच प्रश्न होता, की आपण विकतो तेव्हा घेते कोण.

याचं उत्तर द्यायला काकांनी चहा मागवला. समोर कोण आहे हे कुणालाच दिसत नाही, ब्रोकरला पण नाही, कॉम्प्युटर फक्त भाव अन् वेळ बघून जुळवतो. पण कोण कोण असू शकते ते सांगता येते. एखादा अमरावतीचा पोरगा असेल जो साडेतीनच्या आत, बाजार बंद व्हायच्या आधी, परत विकून टाकेल. म्युच्युअल फंड असेल, आपल्या सगळ्यांच्या एसआयपीचे, म्हणजे दर महिन्याच्या ठरलेल्या हप्त्याचे, पैसे घेऊन बसलेला, 2024 च्या एप्रिलमध्ये एसआयपीचा महिन्याचा आकडा पहिल्यांदा 20 हजार कोटींच्या वर गेला, ते पैसे कुठेतरी लावावेच लागतात त्यांना. एलआयसी असेल. विदेशी फंड असेल, ज्यांना एफपीआय म्हणतात, त्यांनी किती घेतलं किती विकलं याचा आकडा रोज संध्याकाळी येते अन् दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचंच हेडिंग असते. अन् बऱ्याचदा माणूस नसतेच, मशीन असते. ब्रोकर कंपन्या स्वतःच्या पैशाने धंदा करतात, त्यांचे अल्गो, म्हणजे आपोआप ऑर्डर टाकणारे प्रोग्राम, एक्स्चेंजच्याच इमारतीत भाड्याने रॅक घेऊन ठेवलेल्या सर्व्हरवर चालतात, त्याला को-लोकेशन म्हणतात, कारण वायर जेवढी छोटी तेवढी ऑर्डर आधी पोचते. डोळ्याची पापणी लवायच्या आत त्यांच्या कितीतरी ऑर्डरी टाकून रद्द पण होऊन जातात. तो आकडा जो 41 चा 44 अन् मग 9 झाला ना, काका म्हणाले, त्यातलं बरंचसं हेच.

मला थोडी भीती वाटली ऐकून, म्हणजे आईसारखी बाई अन् समोर मशीन. पण काकांचं म्हणणं मला पटलं, की तुम्ही मशीनशी शर्यत लावायला आला नाहीत, तुम्हाला 147.30 पाहिजे होते ते भेटले, मशीनच्या भांडणामुळेच तो मधला फरक पैशा दोन पैशांवर आला आहे, रिंगच्या काळात तो रुपयांत असायचा. मशीनशी शर्यत लावायला गेलात तर मात्र हरणार. हे वाक्य लक्षात ठेवा, खाली परत येते.

त्याच दिवशी बाजूला एक गृहस्थ आले, त्यांना कुठल्यातरी छोट्या कंपनीचे 500 शेअर मार्केट ऑर्डरने पाहिजे होते. काकांनी त्यांनाही स्क्रीन दाखवली. विकणारे कोण तर 212 ला 40 शेअर, 213.50 ला 25, 216 ला 110, अन् पुढे 221. म्हणजे आंधळेपणाने मार्केट ऑर्डर टाकली असती तर वर वर चढत गेली असती अन् सरासरी भाव कुठल्या कुठे पडला असता. त्या शेअरला पाच टक्क्यांचं सर्किट पण होतं, दिवसात त्याच्या पलीकडे भाव जाऊच शकत नाही. मोठ्या बोर्डावरच्या म्हणजे मुख्य बाजारातल्या शेअरमध्ये कुणी सक्तीने घेणारा विकणारा बसवलेला नसते, लोक असले तर बाजार, नसले तर नाही. एसएमई प्लॅटफॉर्मवर, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या वेगळ्या बाजारात, मात्र लिस्टिंगनंतर तीन वर्षं मार्केट मेकर, म्हणजे घेण्याचा अन् विकण्याचा दोन्ही भाव देणारा, ठेवावाच लागते. ते गृहस्थ 212 ची लिमिट लावून घरी गेले.

पैशांचं. आईचे शेअर ज्याने घेतले त्याने पैसेच नाही दिले तर? हे मी विचारलं. यासाठी मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन असते, सौदा झाला की ती घेणाऱ्यासाठी विकणारी बनते अन् विकणाऱ्यासाठी घेणारी, म्हणजे समोरचा बुडाला तरी तुमचे पैसे देणं तिची जबाबदारी, अन् म्हणूनच ती सगळ्या ब्रोकरांकडून आधी मार्जिन म्हणजे अनामत घेऊन ठेवते. 2023 च्या 27 जानेवारीपासून सगळ्या शेअरचा हिशोब दुसऱ्या दिवशी पूर्ण होते, टी प्लस वन. बाबांच्या काळात आठवड्या-पंधरवड्याचा हिशोब अन् त्यावर बदला, म्हणजे सौद्याचा हिशोबच पुढच्या वेळेवर ढकलायचा, असं चालायचं. आमचं सोमवारी विकलं, मंगळवारी ब्रोकरच्या लेजरला म्हणजे त्याच्याकडच्या आईच्या हिशोबात पैसे, विथड्रॉ टाकले ते बुधवारी बँकेत.

काँट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याचं बिल, त्याच संध्याकाळी मेलवर. मी एक एक ओळ काढून बघितली. 14,730 ची विक्री, ब्रोकरेज शंभराला 30 पैसे म्हणजे 44.19, त्यावर 18 टक्के जीएसटी, एसटीटी हा सौद्यावरचा सरकारी कर 0.1 टक्का म्हणजे 15 रुपये, बाकी एक्स्चेंजचे अन् सेबीचे किरकोळ पैसे, अन् डीमॅटमधून शेअर काढल्याचा वेगळा डीपी चार्ज. आता इथे स्पष्ट सांगते, हे महाग आहे. मोबाइलवरच्या डिस्काउंट ब्रोकरकडे डिलिव्हरीला शून्य किंवा वीस रुपये लागतात. ज्याला सगळं येते अन् जो रोज करते त्याला इथे यायची गरज नाही. माझ्या आईसारख्यांना, ज्यांना सांगणारा माणूस पाहिजे, त्यांना 44 रुपये जास्त नाहीत असं माझं मत.

आता माझ्या भावाचं, त्याला विचारूनच लिहीत आहे. तो मागच्या वर्षी टेलिग्रामच्या एका टिप देणाऱ्या ग्रुपवर होता, मोबाइलवरून ऑप्शन करायचा, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर मुदतीचे सौदे, अन् मुदत संपायच्या दिवशी झिरो टू हिरो, म्हणजे थोड्या पैशाचे एकदम कितीतरी पट करायचा डाव. 1 लाख 10 हजार गेले, वहिनीला तीन महिने माहीत नव्हतं. आईसोबत या ऑफिसमध्ये आला अन् काकांना म्हणाला माझं पण खातं उघडा, एफअँडओ म्हणजे फ्युचर्स अन् ऑप्शन चालू करून द्या, रिकव्हर करायचं आहे. काकांनी खातं उघडलं पण एफअँडओचा फॉर्म ड्रॉवरमध्येच ठेवला अन् सेबीचा 2024 चा अभ्यास प्रिंट काढून समोर ठेवला. तीन वर्षांत एफअँडओ करणाऱ्या शंभरातल्या 93 लोकांना तोटा, सरासरी माणशी 2 लाखांच्या आसपास, सगळे मिळून 1.8 लाख कोटींच्या वर. अन् कमावलं कोणी, तर प्रोप्रायटरी डेस्क, म्हणजे स्वतःच्या पैशाने धंदा करणाऱ्या ब्रोकर कंपन्या, अन् विदेशी फंडांनी, त्यांच्यातला बहुतेक नफा अल्गोवाल्यांचा. काका म्हणाले, "बाळा, ही तीच शर्यत आहे. तू पापणी लवायला जेवढा वेळ घेशील तेवढ्यात ते येऊन गेले." भाऊ काही बोलला नाही. फॉर्म अजून ड्रॉवरमध्ये आहे, तो दोन हजाराची एसआयपी करून राहिला. ज्या धंद्यात त्यांना रोज ब्रोकरेज भेटली असती त्या धंद्याला त्यांनी नाही म्हटलं, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला देता येत नाही.

चुका पण लिहिते. पार्किंग अजिबात नाही, गल्लीत गाडी लावली की झेरॉक्सवाल्याशी वाद होते. सकाळी 9 ते 10 जाऊ नका, 9 ला प्री-ओपन म्हणजे बाजार उघडायच्या आधीच्या ऑर्डरी, सव्वानऊला बाजार उघडतो, कुणी मान वर करत नाही, फोन पण उचलत नाहीत. साडेतीननंतर गेलं की निवांत बोलतात. आईला विक्रीच्या वेळी सीडीएसएलचा टीपिन, म्हणजे शेअर विकायला परवानगी देणारा पिन, टाकायचा होता तो मोबाइलवर येता येता वीस मिनिटं गेली, हे आधी सांगितलं असतं तर घरूनच मागवला असता. अन् तिथल्या पोराने एकदा काका नसताना आईला बाथरूमच्या पैशातून पाच वर्षांचा विम्याचा प्लॅन घ्या म्हणून बराच आग्रह केला. मला ते मुळीच आवडलं नाही. काकांना सांगितलं तर त्यांनी आमच्यासमोर त्याला समज दिली अन् आईची माफी मागितली, पण व्हायला नको होतं, एकटी म्हातारी बाई बघून असं करणं चूकच.

कुणीही अशा कोणत्याही ऑफिसमध्ये जाणार असाल तर दोन गोष्टी काकांनीच सांगितलेल्या: ऑथोराइज्ड पर्सनचं रजिस्ट्रेशन एक्स्चेंजच्या साइटवर आधी बघा, अन् पैसे फक्त ब्रोकरच्या क्लायंट बँक खात्यात टाका, समोरच्या माणसाच्या स्वतःच्या गूगल पेवर एक रुपयाही नाही, तो कितीही ओळखीचा असो. तक्रार असली तर सेबीचं स्कोअर्स पोर्टल आहे.

उरलेले 500 आईच्या नावावर आहेत. विकल्याच्या रात्री डिपॉझिटरीचा एसएमएस आला, खात्यातून 100 डेबिट म्हणून, तो तिने चष्मा लावून दोनदा वाचला अन् ती रिकामी प्लास्टिकची पिशवी घडी करून परत कपाटात तिथेच ठेवून दिली.